आधी शिक्षक नेमा, मग सुधारणा सांगा

मार्चमध्ये पर्वरीला विधानसभेत गोव्याचा अर्थसंकल्प मांडला जातो. त्यात उच्च शिक्षणाला काय मिळाले याची चर्चा चार दिवस चालते आणि ती नेहमी वस्तूंची असते. नवी इमारत, स्मार्ट क्लासरूम, इन्क्युबेशन सेंटर, कौशल्य केंद्र. यातले काहीच वाईट नाही. पण मंजूर असलेल्या शिक्षकांच्या जागांपैकी यंदा किती जागा कायमच्या भरणार, हे त्या भाषणात शोधत बसावे लागते. गोव्यातल्या सार्वजनिक उच्च शिक्षणाचे घोडे नेमके इथे अडले आहे, असे माझे ठाम मत आहे. पैसा कमी पडतो हे अर्धेच खरे. तो माणसांवर कमी आणि बांधकामावर जास्त खर्च करायची सवय लागली आहे, आणि जो मिळतो तो सलग मिळत नाही.

पैसा कमी पडतो ही तक्रार गोव्याने तरी चालू ठेवू नये. दरडोई उत्पन्नात आपण देशात अगदी वरच्या राज्यांत आहोत. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती. महाविद्यालये हाताच्या बोटांवर नसली तरी एका टिपणवहीत मावतील एवढीच, आणि राज्य विद्यापीठ एकच. अर्थ आणि शिक्षण ही दोन्ही खाती गेली काही वर्षे मुख्यमंत्र्यांकडेच आहेत. महाराष्ट्रात किंवा उत्तर प्रदेशात जे करायला दहा वर्षे लागतील ते इथे दोन-तीन वर्षांत होऊ शकते. करायचे ठरवले तर.

आपण कुठून निघालो हे आठवले पाहिजे. १८४२ साली पणजीत सुरू झालेले वैद्यकीय विद्यालय सोडले, तर मुक्तीपूर्व गोव्यात उच्च शिक्षण म्हणावे असे फारसे काही नव्हते. मराठीतून शिकलेल्या मुलाला पुढे शिकायचे तर बेळगाव, धारवाड, पुणे, मुंबई गाठावी लागे. साखवाळच्या धर्मानंद कोसंबींना तर विद्येसाठी घरदार सोडून पुणे, काशी, नेपाळ, सिलोन अशी वणवण करावी लागली. गोवा १९६१ च्या डिसेंबरात मुक्त झाला आणि १९६२ मध्येच पणजीला धेंपे व मडगावला चौगुले महाविद्यालय उभे राहिले. दोन्हींमागे खाण उद्योजकांचा पैसा होता. पण ती महाविद्यालये आणि त्यांच्यामागून आलेली इतर टिकली, गावोगावच्या मुलांना परवडली, ती सरकारने शिक्षकांच्या पगाराचा भार उचलला म्हणून. पुढे साखळी, केपे, पेडणे, खांडोळा इथे सरकारी महाविद्यालये निघाली. मुंबई विद्यापीठाचे पणजीतले पदव्युत्तर केंद्र जाऊन १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ आले. सत्तरी तालुक्यातल्या केरीची मुलगी बसने साखळीला जाऊन पदवीधर होते आणि पुढे डिचोली, पणजी करत ताळगावच्या पठारावर विद्यापीठात एम. ए.ला जाते, हे त्या अनुदानामुळे घडले. मुक्तीनंतरच्या गोव्यातली ही सर्वात मोठी सामाजिक सुधारणा आहे असे मी मानतो, आणि ती अर्थसंकल्पातल्या पगाराच्या शीर्षाखाली झाली आहे.

आज त्या शीर्षालाच गळती लागली आहे. जून उजाडला की महाविद्यालयांच्या जाहिराती येतात: अमुक विषयासाठी शिक्षक हवेत, लेक्चर बेसिसवर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या पैशांवर. एखादी बाई बाळंतपणाच्या रजेवर आहे किंवा कोणी वर्षभर अभ्यासरजेवर गेले आहे, अशा वेळी ही सोय ठीकच आहे. पण तोच विषय, तेच महाविद्यालय, तीच जाहिरात वर्षानुवर्षे निघते तेव्हा ती सोय राहत नाही, ते धोरण होते.

माझ्या ओळखीतल्या एका शिक्षिकेचे उदाहरण सांगतो. तिने एम. एस्सी. केले, सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा पास झाली, नंतर पीएच. डी.ही मिळवली. ती दोन महाविद्यालयांत शिकवते. सकाळी एका ठिकाणी दोन तास घेते आणि मग स्कूटरने दुसरीकडे जाते. तास संपला की मस्टरवर तारीख, वर्ग, विषय, वेळ लिहून सही करायची. महिना संपला की त्या सह्या मोजून बिल तयार करायचे, त्यावर विभागप्रमुखांची सही, प्राचार्यांची सही, मग ते ऑफिसात. बिलात एका तासाची वेळ चुकली तर सगळे परत येते. चतुर्थीच्या सुटीत तास नाहीत, म्हणून पैसे नाहीत. परीक्षा लागल्या की तास नाहीत. मे महिना कोरडा जातो. जूनमध्ये पुन्हा अर्ज, पुन्हा त्याच प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स, पुन्हा मुलाखत. प्रयोगशाळेत पोरे तिच्याभोवती घोळका करून असतात, कारण विषय हातात धरून समजावणारी ती आहे. त्यातला एखादा प्रकल्पाबद्दल विचारायला येतो आणि हळूच म्हणतो, "मॅडम, पुढच्या वर्षी तुम्ही असाल ना?" यावर तिच्याकडे उत्तर नसते, आणि प्राचार्यांकडेही नसते.

पगाराचा अन्याय उघड आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये पाहुण्या शिक्षकांसाठी तासाला १,५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये अशी शिफारस केली. पात्रता मात्र कायम शिक्षकाइतकीच ठेवली. सातव्या वेतन आयोगानुसार कायम सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतनच ५७,७०० रुपयांपासून सुरू होते. त्यावर महागाई भत्ता, घरभाडे, रजा, वैद्यकीय खर्च हे वेगळे. एकाच स्टाफरूममध्ये, एकाच पात्रतेची दोन माणसे शेजारी-शेजारी बसतात आणि दोघांच्या आयुष्यात एवढे अंतर असते.

पण मला त्याहून काळजी विद्यार्थ्यांची वाटते. संशोधन प्रकल्पाला पैसे देणारी संस्था सहसा कायम नोकरीतल्या शिक्षकालाच प्रमुख संशोधक मानते. म्हणजे तासिका शिक्षकाच्या हातून प्रकल्प येत नाही, प्रकल्प नाही म्हणून उपकरण येत नाही, उपकरण नाही म्हणून तिसऱ्या वर्षाचा मुलगा यूट्यूबवर प्रयोग पाहतो. प्रवेश, परीक्षा, एनएसएस, नॅक मूल्यांकनाची कागदपत्रे ही सगळी कामे उरलेल्या मोजक्या कायम शिक्षकांवर पडतात आणि त्यांचेही वाचन थांबते. विभागाची स्मृती पुसली जाते. मागच्या पाच वर्षांत कोणत्या मुलाने कोणता विषय घेतला, कोण कुठे पोचला, कोणत्या गावातली मुले दुसऱ्या सत्रात गळतात, हे माहीत असणारा माणूसच विभागात राहत नाही.

जागा भरत का नाहीत? त्या भरायची वाट तीन ठिकाणी तीन प्रकारची आहे. सरकारी महाविद्यालयातली जागा गोवा लोकसेवा आयोगामार्फत भरायची. अनुदानित महाविद्यालयाला आधी उच्च शिक्षण संचालनालयाची परवानगी लागते, मग आरक्षणाचे रोस्टर, मग निवड समिती. विद्यापीठाची प्रक्रिया त्याची स्वतःची. तिन्हीकडे फाईल अडायला जागा भरपूर. पण खरा गुंता वर्कलोडचा, म्हणजे शिक्षकाला आठवड्याला मिळायला हव्यात तेवढ्या तासांचा आहे. वर्गात मुले कमी झाली म्हणून वर्कलोड भरत नाही, वर्कलोड नाही म्हणून जागा मंजूर होत नाही, कायम शिक्षक नाही म्हणून विषयाला मुले येत नाहीत. भूगोल, तत्त्वज्ञान, मराठी, इतिहास, भूगर्भशास्त्र असले विषय या चक्रात सापडले की हळूहळू संपतात, आणि ते कोणी बंद केले असेही म्हणता येत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत कंत्राटी शिक्षक एकूण जागांच्या १० टक्क्यांहून अधिक नसावेत अशी मर्यादा होती. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या नव्या मसुद्यात ती मर्यादाच गाळली. हा मसुदा वाचून मला फार वाईट वाटले. जो अपवाद होता त्याला नियम करण्याची ती तयारी होती. गोव्याने या मुद्द्यावर आपला कायदा, आपली मर्यादा स्वतः घालून घ्यावी. केंद्राने परवानगी दिली म्हणून आपण घसरलेच पाहिजे असे कुठे आहे?

आता पैशाचा प्रवास. पंचवार्षिक योजना होत्या तोवर राज्य विद्यापीठांना आयोगाकडून पाच वर्षांचे विकास अनुदान मिळे. बारावी योजना २०१७ मध्ये संपली आणि ती वाट आटली. २०१३ मध्ये राज्यांच्या उच्च शिक्षणासाठी रुसा हे केंद्राचे अभियान आले, त्यात बहुतेक राज्यांसाठी केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के. त्यातल्या पायाभूत सुविधांच्या अनुदानाची वाटणी ३५ टक्के नवे बांधकाम, ३५ टक्के दुरुस्ती आणि ३० टक्के उपकरणे अशी ठरलेली. राज्यांनी शिक्षकांच्या रिकाम्या जागा भराव्यात ही रुसाची मूळ अट होती, पण बांधकाम दिसते, उद्घाटन होते, तेवढे राहिले. २०२३ पासून त्याच्या जागी पीएम-उषा आली. केंद्रीय संस्थांसाठी तर २०१७ मध्ये हेफा ही वित्तसंस्थाच काढली, अनुदानाऐवजी कर्ज. सातव्या वेतन आयोगाच्या वाढीव भारातला निम्मा वाटा केंद्राने उचलला, पण ३१ मार्च २०१९ पर्यंतच. त्यापुढचा सगळा राज्याचा. म्हणजे दिल्लीहून येणारा पैसा योजनेचा, मुदतीचा आणि भिंतींचा. माणसांचा पैसा राज्याचा. हे एकदा नीट समजून घेतले की राज्य सरकारने आपली तिजोरी कुठे वापरायची याबद्दल संशय उरत नाही. इमारतीसाठी केंद्राच्या दारात जरूर जावे. शिक्षकासाठी जाण्यासारखे दुसरे दारच नाही.

यावर दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला असा: एवढ्याशा राज्याला एवढे कशाला? चांगली मुले बाहेर जातातच, इथे खासगी विद्यापीठांना येऊ द्या. खासगी संस्थांना माझा विरोध नाही. झुआरीनगरला २००४ मध्ये बिट्स पिलानीचे संकुल आले, त्याने गोव्याचे भलेच झाले. पण खासगी संस्था जे खपते तेच शिकवणार, तो तिचा दोष नाही. प्रश्न आहे जे खपत नाही आणि तरीही गोव्याला लागते त्याचा.

पणजीतल्या पुराभिलेखागाराकडे बघा. १५९५ मध्ये दियोगु द कोत या इतिहासकाराच्या हाती त्याचा कारभार दिला गेला, तेव्हापासूनचे ते दप्तर. पोर्तुगीज भाषेतली हजारो बाडे आहेत, आणि त्यांच्या सोबत मराठी-मोडी कागद आहेत: मराठे, सावंतवाडीकर, सौंदेकर यांच्याशी झालेला पत्रव्यवहार, जमिनींचे व्यवहार, गावकाऱ्यांचे (गावाच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थांचे) हिशेब. जुने पोर्तुगीज हस्ताक्षरही वाचणारा आणि मोडीही वाचणारा माणूस आज किती मुश्किलीने सापडतो! इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांनी आयुष्य याच कागदांत घालवले. त्यांचा ग्रंथसंग्रह विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. त्यांच्यासारखी दुसरी व्यक्ती तयार करायची तर एका तरुणाला दहा-बारा वर्षे दोन्ही लिप्या, दोन्ही भाषा आणि इतिहास शिकू द्यावा लागेल, त्याच्या डोक्यावर नोकरीचे छप्पर ठेवून. कोणते खासगी विद्यापीठ हा वर्ग उघडेल? आणि तासाला पैसे मोजून घेणारा शिक्षक तरी हे कसे करणार?

खाजनांचेही, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतीचेही तेच. बांध, मानस (पाणी आत-बाहेर सोडायची दारे), खारे पाणी आणि गोडे पाणी यांचा शेकडो वर्षांचा हिशेब मांडणारी ही शेती बांध फुटून बुडते आहे. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लिजांचे नूतनीकरण रद्द केले. मागे राहिलेल्या खंदकांतल्या पाण्याचे काय होते, आजूबाजूच्या विहिरींवर काय परिणाम होतो, हे वर्षानुवर्षे मोजत राहणारे कोणीतरी हवे. सल्लागार कंपनी सहा महिन्यांत अहवाल देऊन जाईल. दर पावसाळ्यानंतर त्याच विहिरीवर जाणारा माणूस केपे किंवा साखळीच्या महाविद्यालयातला कायम शिक्षकच असू शकतो, त्याच गावातली मुले सोबत घेऊन.

दुसरा आक्षेप फीचा: फी वाढवा, गरिबांना शिष्यवृत्ती द्या. ऐकायला न्याय्य वाटते. पण शिष्यवृत्ती म्हणजे मामलेदार कचेरीतून उत्पन्नाचा दाखला, बँक खाते, ऑनलाइन अर्ज, मग वाट पाहणे. फी जूनमध्ये भरायची असते आणि पैसे येतात तेव्हा सत्र संपत आलेले असते. ज्याचा बाप भाटात, म्हणजे बागायतीत, नारळ पाडायला जातो त्याच्या घरात जूनमधला खर्चच ठरवतो की मुलगी पुढे शिकणार की नाही. राज्याच्या शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्ज योजना इंजिनियरिंग, मेडिकलसाठी फार उपयोगी आहे, ती वाढवावी. पण सांग्यातल्या मुलीने बी. ए.साठी कर्ज काढावे असे म्हणणे मला पटत नाही. अनुदानित महाविद्यालयांत बीबीए, बीसीएसारखे वर्ग स्वयंअर्थसाहाय्यित तत्त्वावर चालवून आपण एकाच आवारात दोन दर आधीच लावले आहेत. ती वाट आणखी रुंद करू नये.

अनुदान हक्काने मागायचे तर हिशेबही हक्काने द्यावा लागेल, आणि इथे माझ्याच गोतावळ्यातल्या लोकांना कटू वाटेल असे बोलतो. कायम झालेला प्रत्येक शिक्षक चांगला असतो असे नाही. पदोन्नतीपुरते पैसे भरून निघणाऱ्या नियतकालिकांत निबंध छापायचे आणि मग वीस वर्षे त्याच पिवळ्या पडलेल्या नोट्स वाचून दाखवायच्या, अशी माणसे प्रत्येकाने पाहिली आहेत. अनुदानित संस्थांच्या निवडींत व्यवस्थापनाच्या मर्जीतला उमेदवार आधीच ठरलेला असतो, ही कुजबुज गोव्यात नवी नाही. ती कुजबुज राहू नये यासाठी निवडीतले प्रत्येक उमेदवाराचे गुण संकेतस्थळावर टाकावेत. दर पाच वर्षांनी बाहेरच्या तज्ज्ञांकडून शिक्षकाच्या कामाचा आढावा घ्यावा आणि त्यात विद्यार्थ्यांचे मत असावे. कायम नोकरी म्हणजे जाब विचारायचा नाही, असा अर्थ कोणी काढू नये.

वर्कलोडच्या कोड्यावर माझ्याकडे एक सूचना आहे. जागा एकेका महाविद्यालयाला न देता शेजारच्या महाविद्यालयांच्या गटाला द्यावी. साखळी आणि डिचोली मिळून तत्त्वज्ञानाचा एक कायम प्राध्यापक, म्हापसा आणि आसगाव मिळून भूगोलाचा एक. आज आमच्या शिक्षिका हेच अंतर स्कूटरने कापतात, फक्त त्यांना बिल घेऊन फिरावे लागते. अडचण आहे, कारण साखळीचे महाविद्यालय सरकारी आणि डिचोलीचे अनुदानित, दोघांचे सेवानियम वेगळे. त्यासाठी हा संवर्ग विद्यापीठाच्या नावाने निर्माण करावा, पगार राज्याने थेट द्यावा आणि काम दोन्हीकडे वाटून द्यावे. गोव्यासारख्या छोट्या राज्यात हे जमण्यासारखे आहे. कोविडच्या काळात संचालनालयाने 'दिष्टावो' उपक्रमात इथल्याच शिक्षकांकडून व्याख्यानांचे व्हिडिओ करून घेतले आणि ते सगळ्या महाविद्यालयांतल्या मुलांना खुले केले. भिंती ओलांडून काम करणे आपल्या शिक्षकांना येते, हे तिथे दिसले.

विद्यापीठालाही तीन वर्षांचे अनुदान आधी लिहून द्यावे, आणि ते देताना खर्चाचे अधिकारही द्यावेत. दरवर्षी किती मिळेल हे माहीत नसलेला कुलगुरू कोणताही विभाग उभा करू शकत नाही. कला आणि संस्कृती खात्याच्या साहाय्याने विद्यापीठात इतिहासकार डी. डी. कोसंबी, कवी बाकीबाब बोरकर यांच्या नावांची अध्यासने झाली, मोठी माणसे आली, बाहेरच्या लोकांनाही त्या वर्गांत बसता आले. फार चांगला प्रयोग. पण पाहुणा प्राध्यापक निघून गेल्यावर ते काम पुढे नेणारा घरचा माणूस विभागात हवा.

फर्मागुढीचे एक उदाहरण बोलके आहे. १९६७ मध्ये सुरू झालेल्या गोवा अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात आधी एनआयटी आली. तिला कुंकळ्ळीचे स्वतःचे संकुल २०२४ मध्ये मिळाले. २०१६ मध्ये आयआयटीही तिथेच सुरू झाली. तिच्या जागेसाठी लोलये झाले, सांगे झाले, मेळावलीत २०२१ च्या जानेवारीत आंदोलन पेटले. जमिनीच्या त्या वादात मी इथे शिरत नाही. एवढेच म्हणतो की दोन राष्ट्रीय संस्थांना आसरा देणाऱ्या या राज्याच्या महाविद्यालयाकडे तेवढ्याच आस्थेने पाहणारे डोळे मला फारसे दिसले नाहीत.

आता सर्वात निकडीचे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम गोव्यात २०२३-२४ पासून सुरू झाला. ती पहिली तुकडी २०२६-२७ मध्ये चौथ्या वर्षाला पोचते. चौथ्या वर्षात ज्याला संशोधनासह पदवी घ्यायची आहे त्याला वर्षभर एक मार्गदर्शक हवा, प्रयोगशाळेत जागा हवी, ग्रंथालयात संदर्भ हवेत. जूनमध्ये येऊन एप्रिलमध्ये जाणारा शिक्षक या प्रबंधाला मार्गदर्शन कसे करणार? ज्या महाविद्यालयात ही सोय नाही तिथला गुणी मुलगा ताळगाव किंवा मडगाव गाठेल, त्यासाठी वसतिगृह शोधेल, नाही मिळाले तर तिसऱ्या वर्षानंतर सोडून देईल, आणि पेडणे, काणकोणच्या मुलांचेच यात जास्त नुकसान होईल. म्हणून प्रत्येक महाविद्यालयाने चौथ्या वर्षाचे मार्गदर्शक कोण, हे विभागवार आणि नावानिशी जाहीर करावे, आणि ज्या विभागात असा एकही कायम शिक्षक नाही तिथल्या जागेची जाहिरात प्रवेश सुरू होण्याआधी काढावी.